शेवटचा नग

लष्कराच्या त्या वाहन कार्यशाळेत एकूण चौसष्ट ट्रक होते. त्यांपैकी एकोणीस धावत, सव्वीस ढकलले तर धावत, आणि उरलेले एकोणीस आधीच्या पंचेचाळिसांना सुटे भाग पुरवत जागच्या जागी उभे असत. मासिक अहवालात मात्र चौसष्टच्या चौसष्ट ट्रक ‘सेवेत’ असल्याचं लिहिलेलं असे. त्यात खोटं काही नव्हतं. उभं राहणं हीदेखील एक सेवाच आहे, आणि लष्करात तर ती फार जुनी आहे.

सगळ्यात तरुण ट्रक एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याला सगळे ‘नवा’ म्हणत. हे ट्रक बनवणारा कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती. मालकाचा नातू दातांचा डॉक्टर झाला होता, आणि सुट्या भागांची मागणीपत्रं अजून त्याच्या दवाखान्यात जात. तो सज्जन होता. प्रत्येक पत्राला उत्तर पाठवी, की क्लच प्लेट पुरवता येत नाही याबद्दल दिलगीर आहे, कवळी हवी असल्यास कळवावे. ही उत्तरं ‘पुरवठादाराशी पत्रव्यवहार चालू’ या फाईलला व्यवस्थित लावली जात.

कार्यशाळेच्या एका टोकाला सुट्या भागांचं भांडार होतं. जाळीची खिडकी, खिडकीला एक हात जाईल एवढी फट, आणि फटीच्या आत भांडारपाल. त्यांना सगळे काका म्हणत. हेड मिस्त्री त्यांच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा होता, तोही काकाच म्हणे. अकरा हजार वस्तू, प्रत्येक वस्तूचं एक कार्ड आणि प्रत्येक कार्डावर काकांचं बारीक, सरळ अक्षर. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांच्या एकाही कार्डावर कधी शून्य आलं नव्हतं. असा दुसरा भांडारपाल साऱ्या लष्करात नव्हता, आणि ही गोष्ट काका स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारेपर्यंत ते विषय तिकडे वळवत राहत, इतकंच.

एका सोमवारी मिस्त्री खिडकीपाशी आला. त्याने हातावरचं तेल पँटला पुसलं आणि फटीतून मागणीपत्र आत सरकवलं.

“सत्तावीस नंबरचा ब्रेक बसला, काका. पेडल दाबलं की पाय थेट खाली टेकतो.”

“खाली म्हणजे ट्रकच्या तळाला की रस्त्याला?”

“तळालाच. मधे अजून थोडा पत्रा शिल्लक आहे. मास्टर सिलिंडर गेलाय. उघडून बघितला, आतून पार खाल्लाय. उभ्या ट्रकांतले कधीच काढून वापरून झाले. दुसरा द्या.”

काकांनी कार्ड काढलं. काढायची गरज नव्हती, ते पाठ होतं. पण कार्ड न बघता उत्तर देणं त्यांना नागडं वाटे.

“आहे. एक नग.”

“मग द्या की.”

“आहे म्हणूनच देता येत नाही. नसता तर मागवला असता.”

मिस्त्रीने जाळीला कपाळ टेकलं. “पुन्हा सांगा. हळू सांगा.”

काकांनी हळू सांगितलं. नियम एकच होता, पण त्याला दोन पाय होते. पहिला पाय असा, की साठा एकाच्या खाली गेल्याशिवाय नवीन मागणी नोंदवता येत नाही. दुसरा असा, की साठा एकाच्या खाली जाऊ देता येत नाही, कारण शून्य झालेली वस्तू यादीतून आपोआप निघते, आणि यादीत नसलेली वस्तू लष्कराला लागते असं म्हणायला काही आधार राहत नाही. शेवटचा नग फक्त आणीबाणीत काढता येतो. आणीबाणी म्हणजे युद्ध, आणि तेही वरून लेखी कळवलेलं.

“म्हणजे लढाई सुरू झाली की ब्रेक मिळणार?”

“पत्र आलं की लगेच.”

“आणि तोवर?”

“तोवर शांतता आहे. शांततेत सावकाश चालवावं.” काकांनी कार्ड परत जागेवर ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “सत्तावीसवर चालक कोण आहे सध्या?”

मिस्त्री जरा चमकला. “तुम्हाला घरी बोलले नाहीत? आजपासून तुमचे जावई.”

काकांनी मागणीपत्रावर ‘साठा उपलब्ध, सबब नामंजूर’ असा शिक्का मारला. शिक्का किंचित वाकडा उमटला, आणि मिस्त्रीने तो बघितला.

सत्तावीस नंबरचं काम टेकडीवरच्या ठाण्याला रोज पाणी आणि शिधा पोचवायचं. चढताना ब्रेकची गरज नव्हती, चढणंच मुश्किलीने होई. उतरताना अकरा वळणं होती.

*

काकांच्या घरच्या जिन्यात अंधार असे. दिवा नव्हता असं नाही. तो कपाटात होता, कापसात गुंडाळलेला, शेवटचा. काकांच्या बायकोने एकवीस वर्षं हा जिना चाचपडत चढला होता आणि आता तिला त्यातली प्रत्येक पायरी बोटांनी ओळखता येई.

त्या संध्याकाळी मुलगी आणि जावई जेवायला आले होते. जावई जिन्यात कुठेतरी धडपडला, त्याचा आवाज वर आला.

“अहो, तो दिवा लावा आता तरी,” बायको म्हणाली. “निदान जावयासाठी.”

“लावला आणि गेला तर?”

“मग अंधार होईल. आत्ता काय आहे?”

जेवताना कुणी ब्रेकचा विषय काढला नाही. जावई मुळात अबोल. त्याने फक्त एवढं सांगितलं, की आज उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती आणि चौथ्या वळणावर बाजूच्या कड्याला थोडी घासून घेतली, म्हणजे वेग आटोक्यात राहतो. मिस्त्रीने एक माणूस बरोबर दिला होता. छावणीचा माळी. बाग वाळल्यापासून त्याला काम नव्हतं. तो फुटबोर्डवर उभा राही आणि जावयाने हाक मारली की उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा सारी.

“वय काय माळ्याचं?” बायकोने विचारलं.

“छप्पन्न. पण उडी चांगली आहे.”

मुलगी इतका वेळ ताटाकडे बघत होती. तिने मान वर केली. “बाबा, तुमच्या खोक्यातला ब्रेक ह्यांच्या पायाखाली का नाही?”

“पोरी, ते एवढं सोपं नसतं. उद्या खरंच आणीबाणी आली तर—”

“आणि आज काय आलंय?”

“आज सोमवार आहे,” काका म्हणाले.

*

पण काका दगड नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच कोट घालून कार्यशाळा अधिकाऱ्यांची भेट मागितली. साहेब नवे होते, तरुण होते, आणि तीन महिन्यांचं व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आले होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ‘जुने वाहन म्हणजे अनुभवी वाहन’ असं लिहिलेलं होतं.

“बसा काका. उपाय तीन आहेत,” साहेब म्हणाले. “एक, बाजारातून खरेदी.”

फाटकासमोरच्या भंगारवाल्याकडे सत्तावीस नंबरला बसेल असा एक मास्टर सिलिंडर होता. तो या कार्यशाळेनेच चार वर्षांपूर्वी लिलावात विकलेल्या ट्रकमधला होता. भंगारवाला लपवाछपवी करणारा नव्हता. “वजनावर घेतला तेव्हा ते लोखंड होतं, काका,” तो म्हणाला. “आता दुर्मीळ झालंय. गिऱ्हाईक पण जगात एकच उरलंय, तुम्ही. मग भाव तुम्हालाच सांगणार ना?” त्याने सांगितलेल्या भावात, हे ट्रक नवे होते त्या काळी, अख्खा ट्रक मिळत असे, वर टाकी भरून.

खरेदी शाखेने प्रस्ताव परत पाठवला. दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या किमतीपेक्षा जास्त होता कामा नये असा दंडक होता, आणि दर वर्षी एक दशांश घटत घटत सत्तावीस नंबरची किंमत आता दोन कप चहा आणि एक बिस्किटाचा पुडा इतकी झाली होती. त्या हिशेबाने या ट्रकला हवा भरणंही उधळपट्टीच होती. खरेदी शाखेने प्रस्तावाखाली तसा शेराही मारला, की आजवर भरलेल्या हवेचा खुलासा करावा.

दुसरा उपाय होता निर्लेखन, म्हणजे ट्रक रीतसर मोडीत काढणं. त्यासाठी समिती होती. समितीसमोर वाहन स्वतःच्या चाकांवर यावं लागे आणि चुन्याने मारलेल्या पांढऱ्या रेषेवर थांबावं लागे. नियमामागे विचार होता. पूर्वी लोक चांगले भाग काढून घेऊन सांगाडे मोडीत काढायचे. म्हणून वाहन संपूर्ण आहे हे सिद्ध झाल्याशिवाय ते निकामी ठरवता येत नसे.

ठरल्या दिवशी तीन सदस्य खुर्च्या टाकून बसले. जावयाने ट्रक आणला. रेषा जवळ आली तसा त्याने आवाज दिला, पलीकडच्या बाजूने माळ्याने उडी टाकली, ठोकळा कडाडला आणि ट्रक रेषेच्या वीतभर अलीकडे थांबला. माळी चाकामागे होता. समितीला दिसला नाही.

अध्यक्ष खुर्चीतून उठून टाळी वाजवते झाले. “हा मोडीत काढता तुम्ही? अहो, माझी स्वतःची गाडी अशी थांबत नाही!”

“साहेब, तो थांबला कारण—” मिस्त्री म्हणाला.

“कारण काही असो. नसता थांबला तर अपूर्ण म्हणून परत पाठवला असता. थांबला, म्हणजे धडधाकट आहे.” आणि सत्तावीस नंबरला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. प्रमाणपत्र चौकट करून जावयाच्या समोर, काचेला लावण्यात आलं. त्यामुळे डावीकडचं थोडं दिसेनासं झालं.

तिसरा उपाय साहेबांचा स्वतःचा होता. अंदाजपत्रकात सुट्या भागांच्या शीर्षाखाली पैसे नव्हते, पण मातीकामाच्या शीर्षाखाली मुबलक होते आणि वर्ष संपत आलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी, शेवटच्या वळणानंतर, एक उलटा चढ बांधण्यात आला. उतरलेला ट्रक आपल्या वेगाने त्या चढावर जाई, वर जाऊन दमे, आणि मागे यायला लागला की माळी ठोकळा लावी. चढ बांधायला चार नव्या ट्रकांएवढा खर्च आला. तो दुसऱ्या शीर्षाखाली पडल्याने कुणाला लागला नाही. साहेबांना त्याबद्दल शाबासकीचं पत्र आलं, त्यात या चढाला ‘देखभालमुक्त ब्रेक’ म्हटलं होतं.

असे तीन महिने गेले. मुलगी वडिलांकडे येईनाशी झाली. काका रोज साडेचारला, ट्रक उतरायच्या वेळी, खिडकी सोडून दारापर्यंत येत. टेकडीकडून इंजिनाचा हुंकार ऐकू येई, मग ठोकळ्याचा कडाका, मग शांतता. कडाका ऐकला की ते परत आत जाऊन बसत. कार्डावर अजून शून्य नव्हतं.

*

ठोकळे झिजत. पंधरा-वीस दिवसांत एक फुटे, आणि मिस्त्री नवा घेऊन जाई. भांडारात सात होते. सहा गेले. सातव्याचं मागणीपत्र आलं तेव्हा काकांनी कार्ड काढलं आणि बराच वेळ ते हातात धरून ठेवलं.

“काका,” मिस्त्री म्हणाला, “लाकूड आहे ते.”

“यादीतली वस्तू आहे.”

“तुमचा जावई आहे खाली.”

“म्हणूनच. दुसरा कुणी असता तर एखादे वेळी विचार केला असता. उद्या लोक म्हणतील, जावयाला शेवटचा ठोकळा काढून दिला.”

मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. बंद पडलेल्या इंजिनाकडे तो जसं बघे, तसंच बघितलं. मग तो निघून गेला आणि दोन दिवस माळ्याने उसना मागितलेला धोंडा वापरला.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. दलाच्या वर्धापनदिनानिमित्त वाहनांचं संचलन शहरातून निघेल. वरच्या चौकातून निघून बाजाराच्या उतारावरून खाली, उताराच्या शेवटी व्यासपीठ, आणि व्यासपीठावर सरसेनापतींसह सर्व मान्यवर. व्यासपीठासमोर पांढरी रेषा. दोन्ही बाजूंना नागरिक. अग्रभागी सत्तावीस नंबर, कारण साऱ्या ताफ्यात धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र त्या एकाकडेच होतं.

बाजाराच्या उतारानंतर उलटा चढ नव्हता. तिथे व्यासपीठच होतं.

संचलनाच्या आदल्या दिवशी दुपारी काकांच्या खिडकीच्या फटीतून एक मागणीपत्र आत आलं. काकांनी सवयीने ते सरळ केलं. रकाने बिनचूक भरले होते. अक्षर त्यांच्याच वळणाचं होतं, लहानपणी त्यांनीच गिरवून घेतलेलं.

वस्तूचे नाव: नवरा. साठा: एक नग. कारखाना: बंद. पर्यायी वस्तू: नाही. शेरा: शेवटचा नग असल्याने देता येत नाही.

त्यांनी जाळीतून बाहेर बघितलं. मुलगी उभी होती. रडत नव्हती.

“मंजूर करायचं की नामंजूर?” काकांनी विचारलं.

“तुम्ही सांगा, बाबा. नियम तुमचा आहे.”

आणि ती वळून गेली.

काकांनी खिडकीवर ‘भोजन अवकाश’ची पाटी लावली. एकतीस वर्षांत ती वेळेआधी कधी लागली नव्हती. ते सातव्या मांडणीपाशी गेले, खालच्या कप्प्यातून लाकडी खोकं ओढून काढलं. दर वर्षी मोजदादीला ते या खोक्याचं वजन करत, लाखेचं सील तपासत आणि कार्डावर ‘ठीक’ लिहीत. उघडण्याचा प्रश्न नव्हता. सील तोडणं म्हणजे नग काढल्यासारखंच होतं. हा नियम त्यांना त्यांच्या आधीच्या भांडारपालांनी शिकवला होता. ते मोठे शिस्तीचे गृहस्थ होते. कार्यभार सोपवताना त्यांनी काकांचा हात दाबून सांगितलं होतं, “बाकी काही विसरलास तरी चालेल. शेवटचा नग कुणालाही द्यायचा नाही. बघायलासुद्धा उघडायचा नाही.” तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि काकांना ती सेवानिष्ठा वाटली होती.

काकांनी आधी कार्डावर शून्य लिहिलं. ते वाटोळं आलं नाही. मग सील तोडलं.

आत मेणकागद होता, अगदी व्यवस्थित घड्या घातलेला. मेणकागदात एक वीट होती. विटेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती.

‘मास्टर सिलिंडर एक नग, ट्रक क्रमांक सत्तावीससाठी तात्पुरता काढून दिला आहे. नवीन आला की परत ठेवावा. तोवर वजनासाठी वीट ठेवली आहे.’ खाली त्या शिस्तीच्या गृहस्थांची सही, आणि बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख.

काका जमिनीवर बसले. ज्या नगाला त्यांनी एकतीस वर्षं कुणाचा हात लागू दिला नव्हता, तो बत्तीस वर्षं सत्तावीस नंबरमध्ये धावत होता. तो आत्ता झिजला होता. मिस्त्रीने उघडून बघितला तो हाच. त्यांनी जावयाला जो ब्रेक नाकारला होता, तो जावयाच्या पायाखालीच होता, आणि संपला होता.

त्यांनी वीट मांडीवर घेतली. मग ती उलटीसुलटी करून पाहिली. वीट चांगली होती. जुन्या भट्टीची, कडा शाबूत, ठोकळ्यापेक्षा जड.

*

संचलनाच्या सकाळी बाजाराच्या उताराला पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या चौकातून सत्तावीस नंबर निघाला तो पहिल्या गिअरमध्ये, कडेच्या दगडाला चाक घासत, इतका सावकाश, की लोक म्हणाले, काय ही शिस्त, काय हा डौल. फुटबोर्डवर माळी गणवेशात होता. त्याच्या बगलेत मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते काही मानचिन्ह असावं असं समजून दोन-तीन माजी सैनिकांनी त्याला सलामही ठोकला.

शेवटच्या वीस पावलांत ट्रकने वेग घेतला. व्यासपीठावर कुणी हललं नाही. मान्यवर हलत नसतात. जावयाने हाक दिली, माळ्याने उडी टाकली, वीट फुटली, आणि सत्तावीस नंबर बरोबर पांढऱ्या रेषेवर, सरसेनापतींच्या बुटांपासून हातभर अंतरावर, एक उसासा टाकून थांबला. जावयाचे ओठ पांढरे पडले होते. काचेवरच्या प्रमाणपत्रामुळे ते कुणाला दिसले नाहीत.

सरसेनापती भारावून बोलले. “त्रेचाळीस वर्षांचं वाहन! आणि हे थांबणं बघा! आमच्याकडे काही मंडळी नवे ट्रक मागत असतात. मी त्यांना विचारतो, कशासाठी?” त्याच आठवड्यात नव्या ट्रकांचा प्रस्ताव परत आला. देखभालीच्या खर्चात मात्र भरघोस वाढ झाली, कारण वाहनं आणखी जुनी होणार होती आणि त्यांना ती लागणार होती.

काकांना ‘शून्यविरहित सेवा’ या शीर्षकाचं मानपत्र मिळालं. कार्डावरचं वेडंवाकडं शून्य त्यांनी तोवर खोडून पुन्हा एक केला होता. खोक्यात नवी वीट ठेवली होती, वजन बरोबर जुळवून. ती जुनी चिठ्ठीही ठेवली, आणि सही तेवढी आपली केली. खरं सांगायचं त्यांनी दोनदा ठरवलं. एकदा तर साहेबांच्या दारापर्यंत गेले. पण सांगितलं असतं तर मानपत्र परत गेलं असतं, पेन्शन अडकली असती, आणि वीट ती वीटच राहिली असती.

“काका, काही मागायचं असेल तर मागा,” साहेब म्हणाले होते. “आज नाही म्हणवणार नाही.”

काकांनी एकच गोष्ट मागितली. जावयाची बदली टपाल शाखेत. ती झाली. मुलगी पुन्हा जेवायला येऊ लागली. काकांनी जिन्यात दिवाही लावला, आणि जिना किती घाण आहे ते सगळ्यांना पहिल्यांदाच दिसलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी नव्या भांडारपालाचा हात दाबला. “बाकी काही विसरलास तरी चालेल,” ते म्हणाले. “शेवटचा नग कुणालाही द्यायचा नाही. बघायलासुद्धा उघडायचा नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नव्या भांडारपालाला ते बघून फार आदर वाटला.

पुढच्या वर्षीच्या संचलनाला काका नागरिक म्हणून गेले. मुलगी आणि जावई बरोबर होते. तिघं उताराच्या शेवटी, रस्त्यापासून जरा आत, एका दगडी बँकेच्या जाड खांबामागे उभे राहिले. माळी त्या पावसाळ्यात निवृत्त झाला होता. त्याचं पद रिक्त होतं, जाहिरात निघायची होती.

“अहो काका, तिथून काय दिसणार?” पुढच्या रांगेतून एक गृहस्थ वळून म्हणाले. ते अगदी पांढऱ्या रेषेपाशी उभे होते. चांगल्या घरचे, लेकराबाळांसह आलेले, सरळमार्गी आणि वेळच्या वेळी कर भरणारे. “पुढे या की! आमचा धाकटा आहे सत्तावीस नंबरवर. नवाच लागलाय. लष्करात लागला म्हटल्यावर मी निर्धास्त आहे बघा. तिथे सगळं कसं नियमाने चालतं.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग उताराच्या वरच्या टोकाकडे बघितलं. सत्तावीस नंबर निघाला होता, डौलात, काचेवर प्रमाणपत्र घेऊन.

काहीतरी सांगायला काकांनी तोंड उघडलं होतं, हे मात्र खरं. पण त्याच वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या आवाजात त्यांचं बोलणं गर्दीतल्या आपल्याला ऐकू आलं नाही. सगळ्यात जोराने आपणच वाजवत होतो.